आईची इस्त्री आणि उलटा बोर्ड

गच्चीवरची टाकी भरली का हे बघायला आई अजून जिने चढते. गुडघे कुरकुरतात, पण पंप लावून निवांत बसणं तिच्या तत्त्वात बसत नाही. म्हणून गेल्या शनिवारी बाबांनी आणि मी अलार्म करायचा घाट घातला. बुधवार पेठेतून सामान आणलं: एक ५५५ आयसी, चार रेझिस्टर, बझर. टाकीतल्या तारांना पाणी लागलं की बोंब.

बाबांचं आयुष्य रेडिओ-टीव्ही दुरुस्तीत गेलं. पूर्वी ते बोर्डावरच्या रेषा नेलपॉलिशने काढायचे (आईच्या, अर्थात). आता हात थरथरतो, सोल्डरिंग सुटून तीन वर्षं झाली. हल्ली फाइल पाठवली की तयार बोर्ड घरपोच येतो, हे मी त्यांना सांगितलंच नाही.

तर कृती. सर्किट गुळगुळीत मासिकी कागदावर लेझर प्रिंटरने छापायचं. इंकजेट चालत नाही, कारण लेझरचा टोनर म्हणजे मुळात प्लॅस्टिकची पूड. ती तापली की वितळून तांब्याला चिकटते. तांबं आधी काथ्याने लख्ख घासायचं आणि मग त्याला बोट लावायचं नाही, तेलकट जागी टोनर धरत नाही. वर कागद पालथा घालून कडक इस्त्री, वाफ बंद. नंतर पाण्यात भिजवून कागद हळूहळू चोळून काढायचा. मग बोर्ड फेरिक क्लोराईडमध्ये. उघडं तांबं विरघळतं, टोनरखालचं राहतं. हे सगळं प्लॅस्टिकच्या डब्यात, स्टीलच्या पातेल्यात नाही. ते स्टीलही खातं. आणि माझा एक शर्टही. उरलेलं पाणी मोरीत ओतायचं नाही, त्यात तांबं असतं.

पहिल्या खेपेला रेषा तुटल्या. दुसरा बोर्ड झकास! भोकं पाडून झाली, तेव्हा बाबा शांतपणे म्हणाले, "पाय मोज बघू."

आयसीचे आठही पाय उलट्या क्रमाने. सॉफ्टवेअर खालच्या रेषा बोर्डाच्या आरपार, वरून बघितल्यासारख्या दाखवतं. कागद पालथा घातला की त्या आपोआप सुलट होतात. मी हुशारी करून छापताना 'मिरर'वर टिक केली होती! आयुष्यभर कंट्रोल झेडवर पोट भरलेला माणूस मी. विरघळलेलं तांबं कुठून परत आणणार? म्हटलं, टाकून देऊ, उद्या नवीन करू.

"टाकतोस कशाला? आयसी तांब्याच्या बाजूने बसव की."

खरंच, बसला! रेझिस्टरला काय, कुठूनही घाला. फक्त आयसी जरा उचलून ठेवावा लागला, त्याच्या पायांशी सोल्डरिंगचं टोक पोचावं म्हणून. मी पहिला पाय जोडला, तेवढ्यात बाबांनी हात पुढे केला. "दे इकडे." उजवं मनगट त्यांनी डाव्या हाताने घट्ट धरलं, बोर्ड मी धरला. आठपैकी तीन डाग त्यांचे. ओबडधोबड आहेत, पण पक्के.

रविवारी सकाळी बझर बोंबलला. आईने पंप बंद केला आणि खरंच भरलीये का ते बघायला वर गेली.