आरेतला वेग
मुंबईत गोरेगावहून पवई-मरोळकडे आरेच्या जंगलातून जाणारा रस्ता गाडीवाल्यांना शॉर्टकट वाटतो. पाड्यांतल्या माणसांची मात्र ती रोजची पायवाट, आणि बिबट्याचीही. ताशी ६० किलोमीटरच्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर कापते. धोका दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तरी २५ मीटर संपले. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं. पावसाळ्यात ओल्या पानांवर त्याहून जास्त.

‘माणसं अचानक आडवी येतात’ ही तक्रार मला पटत नाही. वळणापलीकडचं दिसत नसताना वेग कमी करणं आपल्याच हातात असतं. राहिला उशीर: चार किलोमीटरला ३० च्या वेगाने आठ मिनिटं लागतात, ६० ने चार, खड्डे आणि गर्दी धरली तर तेवढीही बचत होत नाही.