नावाआधीचं नाव

रात्रीचे दोन. माधापूरच्या ऑफिसातून आत्ता आले. आमचा जुना कोड सबव्हर्जनमधून गिटमध्ये हलवतोय; दोन्ही कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारी साधनं. शेवटची प्रत उचला नि मोकळे व्हा, असं सगळे म्हणत होते. सगळा इतिहास न्यायचाच, म्हणून मी अडून बसले.

सबव्हर्जन फाइलचं नाव बदलल्याची नोंद ठेवतं. गिट ठेवत नाही. मजकूर निम्मा तरी जुळला, तर ही तीच फाइल, असं ताडतं. नाव आणि मजकूर एकाच नोंदीत फार बदलले असतील, तर माग तुटतो. व्याजाच्या हिशेबाची फाइल नेमकी अशीच तुटली. तिच्या आधीच्या नावाखाली एक नोंद आहे: पैसे पूर्णांकात का धरले, त्याचं कारण. लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेला.

जुन्या नोंदी का लागतात, ते घरी पाहिलंय. आजोबांच्या परभणीच्या शेताचे निजामकाळातले कागद उर्दूत आहेत. 1956 साली मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात गेला. तरी बांधाचा वाद निघाला की अजून तेच कागद काढावे लागतात.

म्हणून आज सबव्हर्जनमधली कोड लिहिणाऱ्यांची लघुनावं खऱ्या नावांशी जोडायची यादी केली. तिघांचा पत्ता लागेना. त्यांची लघुनावं तशीच ठेवली, पुसली नाहीत. उद्या जुनं भांडार फक्त वाचण्यापुरतं चालू ठेवा, असं सांगणार आहे.