उकिरड्यावरचे दाणे

सोलापूरच्या पूर्व भागात आमचे घर होते. शेजारच्या यंत्रमागांचा खडखडाट दिवसभर कानी पडे. परसात आजीच्या पाच कोंबड्या असत. पहाटे ती डालगे उचली, मूठभर ज्वारी फेकी आणि मगच चुलीवर चहाचे आधण ठेवी. गाळलेल्या चहाचा चोथा मात्र ती परसात कधीच टाकत नसे. गुलाबाच्या मुळाशी खड्डा करून पुरत असे. खतासाठी करीत असेल, असे मी समजत होतो.

एका पावसाळ्यात आजी गावी गेली असताना डब्यात पाणी शिरून चहा भिजला. मी तो सारा उकिरड्यावर ओतला. दाणेदार चहा तो. कोंबड्यांना बाजरीसारखाच दिसला असावा. तांबडीने सर्वांत अधिक टिपला. दुपारी ती अंगणभर सैरावैरा धावू लागली. उचलून घेतली, तेव्हा तिचे काळीज माझ्या तळहातावर माग चालावा तसे धडधडत होते. दिवेलागणीपूर्वी ती गेली.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या चौघी घेऊन मी पशुवैद्यकाकडे गेलो. लक्षणे ऐकून ते म्हणाले, “हे कॅफिनचे काम दिसते.” जर्मन रसायनशास्त्रज्ञ रुंगे यांनी 1819 मध्ये कॉफीच्या बियांतून वेगळे केलेले हे द्रव्य वनस्पतींना किडींपासून वाचवते. माणसाला ज्याने तरतरी येते, तेच दीड-दोन किलो वजनाच्या पाखराच्या हृदयाला आणि मज्जासंस्थेला सोसवत नाही. हृदयाचे ठोके बिघडतात, झटके येतात. त्यावर नेमका उतारा नाही. म्हणून खाल्ल्याचे कळताच दवाखाना गाठावा लागतो. वापरलेल्या चोथ्यातही त्याचा अंश उरतो, आणि चॉकलेटमधील थिओब्रोमिन हे त्याच कुळातले.

आजी परतली, तेव्हा मुंगसाने तांबडी नेली असे सांगावे, असे क्षणभर मनात आले. परंतु तिची नजर उकिरड्यावरच्या तांबूस डागाकडे गेली होती. मी सर्व सांगून टाकले. ती रागावली नाही. “माझ्या सासूबाईंची बी एक अशीच गेली होती,” एवढेच म्हणाली आणि खुरपे घेऊन तो चहा गोळा करू लागली.

मी तिच्याशेजारी बसून खड्डा खणला. इतकी वर्षे तिची रीत मी रोज पाहत होतो. ती तशी का, हे एकदाही विचारले नव्हते.