पहिली दहा पावले

सकाळी अंथरुणातून उठताना जमिनीला पाय लावण्यापूर्वी तिची क्षमा मागावी, असा आपल्याकडे जुना रिवाज आहे. माझ्या सासूबाईंनी तो अखेरपर्यंत पाळला. लहानपणी माझ्याकडूनही तो श्लोक पाठ करून घेतला होता. पण क्षमा कशाबद्दल मागायची, हे काही तेव्हा उमगले नव्हते. वयाची बावन्न वर्षे उलटल्यावर मात्र असे दिवस आले, की वाटे, क्षमा मागायचीच असेल तर ती जमिनीने माझी मागावी! पलंगावरून उतरून टाच टेकली रे टेकली, की कोणी खालून दाभण खुपसावा तशी कळ थेट मस्तकात जाई. मग पलंगाची कड, कपाटाचा कोपरा, दाराची चौकट असे धरत धरत स्वयंपाकघर गाठायचे. आमच्या जुन्नरच्या घरात पलंगापासून शेगडीपर्यंत बरोबर बावीस पावले आहेत. पहिली दहा फार वाईट, पुढची बारा त्या मानाने बरी. आणि दूध तापून वर येईपर्यंत दुखणे जवळजवळ पळालेले असे.

या दुखण्याची खरी गोम इथेच आहे. ते पहिल्या पावलाचे दुखणे आहे, आणि घरातले पहिले पाऊल टाकते कोण? जी सर्वांत आधी उठते ती! त्या वेळी बाकीचे घर गाढ झोपलेले. हे उठणार साडेसहाला. तोवर माझा सडा टाकून, कणीक मळून झालेली. "टाच फार दुखते हो," असे म्हणावे, तर हे चष्मा शोधत म्हणणार, "चांगली चालते आहेस की!" त्यांचे तरी काय चुकले म्हणा! ताप आला तर थर्मामीटर साक्ष देतो, खोकला झाला तर शेजारपाजारचे देतात. हे दुखणे साक्षीदार जागे व्हायच्या आत येऊन जाते. संध्याकाळी शाळेतून आल्यावर खुर्चीत बसून उठले, की पुन्हा तेच. पण तेव्हा सारेच दमलेले असतात. एका टाचेला कोण विचारतो?

मी शिक्षिका. दिवसाचे पाच-सहा तास शहाबादी फरशीवर उभे राहून मुलांना बेरजा-वजाबाक्या शिकवण्यात माझी सव्वीस वर्षे गेली. घरातही तीच फरशी. पूर्वी शेणाने सारवलेली जमीन असे, ती पायाला थोडी तरी मऊ लागे. फरशी आली, घर लख्ख झाले, आणि मऊपणा गेला. घरात चपला घालून वावरणे तर आमच्या वाड्यात कोणाला खपलेच नसते. पहिले चार महिने मी घरगुती इलाज केले. वीट तापवायची, तिच्यावर रुईची पाने ठेवायची आणि टाच दाबून धरायची. बरे वाटे; पण सकाळी दाभण आपला जागेवर हजर! मग एका दवाखान्यात क्ष-किरण फोटो काढला, आणि टाचेचे हाड वाढले आहे, असे निदान झाले. ही बातमी आळीत पसरल्यावर जो तो "किती वाढलं?" म्हणून अशा आपुलकीने विचारी, की जणू घरात रांगते मूल आहे.

अखेर नारायणगावला हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. ते निघाले माझेच विद्यार्थी. चौथीत असताना पाढे म्हणताना तेराला हटकून अडखळणारा मुलगा आता गळ्यात स्टेथास्कोप घालून माझी टाच दाबून पाहत होता! त्याने पहिला प्रश्न विचारला तो मला मोठा चमत्कारिक वाटला.

"बाई, तुम्ही झोपता कशा?"

"झोपते म्हणजे? माणसासारखी झोपते!"

तो हसला. म्हणाला, "तसं नाही. झोपेत पाऊल कसं असतं? पुढे लोंबतं ना?"

मग त्याने कागदावर पायाचे चित्र काढले. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यातून एक चिवट पट्टा जातो. धनुष्याला दोरी, तसा पावलाच्या कमानीला तो. चालताना टाच उचलली, बोटे मागे वाकली, की तो पट्टा बोटांच्या सांध्यांवर गुंडाळला जाऊन ताणतो आणि कमान वर उचलतो. हिक्स नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी १९५४ साली हे दाखवून दिले आणि त्याला उपमा दिली ती रहाटाची. विहिरीच्या रहाटावर दोर गुंडाळला जातो आणि पोहरा वर येतो, तसे! लहानपणी मामाच्या मळ्यात मी रहाट ओढलेला आहे. तेव्हा हा साहेब मला एकदम आपल्यातला वाटला.

तर वर्षानुवर्षे भार सोसून हा पट्टा टाचेच्या हाडाशी झिजतो, बारीक बारीक फाटतो. याला नाव 'प्लांटर फॅसायटिस'. नावावरून सूज वाटते. पण जुन्या दुखण्यात सुजेपेक्षा झीजच जास्त असते. वाढलेल्या हाडाचे म्हणाल, तर ते टाच मुळीच न दुखणाऱ्यांच्या फोटोतही पुष्कळदा सापडते. आपल्याकडे सुश्रुताने वेडेवाकडे पाऊल पडल्याने होणाऱ्या घोट्या-टाचेच्या दुखण्याला 'वातकंटक' म्हटले आहे. कंटक म्हणजे काटा. ज्याने हे नाव ठेवले, त्याने सकाळी उठणारी बाई पाहिली असली पाहिजे.

आता झोपेचा संबंध. रात्री पाऊल पुढे लोंबते, त्यावर पांघरुणाचा भार. पोटरी आणि तळव्याचा पट्टा, दोन्ही सैल, आखूड होऊन सहा-सात तास पडून राहतात. रात्रभरात जी काही डागडुजी होते ती त्याच आखूडपणात होते; आणि सकाळी आपण सारे वजन टाकून तो पट्टा एका झटक्यात ताणतो. केलेली डागडुजी उसवते. म्हणजे दुखते सकाळी; पण बिघडते रात्री! डॉक्टर म्हणाला, "बाई, रात्रभर पाऊल उभं ठेवायचं. काटकोनात, जमलं तर त्याहून किंचित वर." आणि त्याने कपाटातून नाइट स्प्लिंट काढून दाखवला.

मी तो पाहिला आणि मनात म्हटले, हा घालून झोपायचे, की स्वारीवर निघायचे? कडक प्लास्टिकचा पोटरीपर्यंत येणारा अर्धा बूट; आत मऊ अस्तर, वर तीन चिकटपट्ट्या, आणि पाऊल वर ओढून धरायला बाजूला दोन बंद. पंधराशे रुपयांच्या आत मिळाला. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना सहज मनात आले: हे नारायणगाव तमाशाचे माहेरघर, विठाबाईंचे गाव. चैत्रातल्या जत्रांच्या दिवसांत इथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे लोक सुपारी द्यायला येतात. पायांत काही किलोंचे घुंगरू बांधून रात्र रात्र फळ्यांवर टाच आपटणाऱ्या त्या बायकांना सकाळी पहिले पाऊल कसे पडत असेल? टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या. टाचेची चौकशी किती जणांनी केली असेल, कोण जाणे.

पहिल्या रात्रीचे वर्णन काय करावे! मी उताणी, एक पाय छताकडे रोखलेला. हे म्हणाले, "अगदी खोडदची दुर्बीण दिसतेस!" आमच्याच तालुक्यात खोडदला आकाशातल्या रेडिओलहरी टिपणाऱ्या महाकाय दुर्बिणी आहेत, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. त्या आकाशाकडे तोंड करून काय ऐकतात ते शास्त्रज्ञ जाणोत. माझ्या दुर्बिणीने मात्र त्या रात्री ह्यांचे घोरणे तेवढे टिपले. दोन वाजता बोटांना मुंग्या आल्या. पट्ट्या काढल्या, बूट पलंगाखाली ढकलला आणि झोपले. सकाळी दाभण हजर.

डॉक्टरने हे आधीच सांगून ठेवले होते. एकदम रात्रभर घालायचा नाही. आधी संध्याकाळी वाचत बसताना तासभर. मग झोपताना, जाग येईपर्यंत. मग हळूहळू पहाटेपर्यंत. बंद इतकेच आवळायचे, की पोटरीला गोड ताण बसावा, कळ येऊ नये. बोटे बधिर झाली की सैल करायचे. आत पातळ सुती मोजा. रात्री उठायचे झाले तर आधी बूट काढायचा, कारण फरशीवर तो सर्रकन घसरतो. मधुमेहाने ज्यांच्या पायांची जाणीव कमी झाली आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय याच्या वाटेला जाऊ नये. पट्टा कुठे रुतला ते त्यांना कळणारच नाही. वैशाखात पायाला घाम येऊन जीव नकोसा होई, तेही सांगून टाकते.

अमेरिकेतल्या वॅपनर आणि शार्की या डॉक्टरांनी १९९१ साली पाऊल पाच अंश वर धरणारे असे स्प्लिंट चौदा जुनाट रोग्यांना रात्री घालायला दिले. त्यांतल्या अकरा जणांचे दुखणे चार महिन्यांच्या आत थांबले. तिघांना गुण आला नाही. पुढच्या तपासण्यांतून सगळीकडे असा एकमुखी कौल निघालेला नाही. पण सकाळच्या पहिल्या पावलाला ज्यांना हटकून कळ येते, त्यांनी एक ते तीन महिने हा इलाज करावा, असे तिथल्या फिजिओथेरपिस्टांच्या संघटनेने २०१४ मध्ये सांगितले आहे. मला तिसऱ्या आठवड्यात फरक जाणवला. दहाची पावले सात झाली, मग चार. अडीच महिन्यांनी एका सकाळी मी दूध तापवले, आणि मग आठवले की आज चौकट धरलीच नाही!

याच सुमारास गौरींना आमच्या थोरल्या जाऊबाई आल्या. आम्ही त्यांना अक्का म्हणतो. त्या राहतात घोडेगावच्या पुढे, डिंभ्याच्या वाटेवर. मूळचे आंबेगाव धरणाच्या पाण्याखाली गेले, तालुक्याचे नाव तेवढे उरले. अक्कांचे माहेर त्याच पाण्यात. त्या दिवशी मी पहाटे पाचला दिवा लावला, तर अक्का पावलाच्या बाहेरच्या कडेवर तोल सावरीत मोरीकडे निघालेल्या. त्या चालण्याची ओळख पटायला मला डॉक्टर लागला नाही.

"अक्का, कधीपासून?"

"काय कधीपासून?" असे म्हणून त्यांनी झटकन टाच टेकवली आणि ओठ दाबला. मग हळूच म्हणाल्या, "दोन वर्सं झाली गं. भाताच्या चिखलात काय वाटत नाही. घरात फरशीवर आलं, की काटा. कुनाला सांगायचं? उजाडेस्तवर थांबतंय थोडंच!"

मी माझा बूट पुढे केला. अक्कांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि परत दिला. "मी पडवीला निजते. रातचं कुत्रं भुंकलं, की गोठ्यात बघावं लागतं. बिबट्या येतोय हल्ली उसातनं. त्यो आल्यावर तुझ्या पट्ट्या सोडत बसू का?"

यावर बोलण्यासारखे काही नव्हते. आमच्या भागात हा प्रश्न थट्टेचा नाही. म्हणून मी त्यांना दुसरा उपाय दाखवला. २००३ साली अमेरिकेत तपासून पाहिलेला, बिनपैशाचा. जमिनीला पाय लावायच्या आधीच अंथरुणात बसून दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यायचा, बोटे हाताने नडगीकडे ओढायची, तळव्यात पट्टा ताणलेला बोटाला लागतो तो पाहायचा, आणि दहा आकडे मोजायचे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. शिवाय पडवीत वापरायला एक मऊ तळाची चप्पल मी त्यांच्या पिशवीत घातली. "घरात चप्पल!" म्हणून त्या थबकल्या, पण काढून ठेवली नाही.

महिन्याभराने त्यांचा फोन आला. टाच निम्मी बरी होती. पण सांगायचे निराळेच होते. अंधारात अंथरुणावर बसून आकडे मोजताना दादांना जाग आली आणि त्यांनी विचारले, "काय जपतेस गं एवढ्या पहाटे?" तेव्हा कुठे दोन वर्षांची हकीगत सांगून झाली. आता अक्कांचे दहा वेळा दहा मोजून होईपर्यंत चहाचे आधण दादा ठेवतात. साखर फार पडते म्हणे.