दोन फूट रुंदीची जागा

वाटणी झाली तेव्हा अंगणाचा जो तुकडा आमच्याकडे आला, तो दोन फूट रुंद आणि चौदा फूट लांब होता. मधून भिंत उभी राहिली. तिच्या पायासाठी जो चर खोदला, त्यात अम्मीचा देशी गुलाब गेला. अब्बांनी लावलेलं झाड. छातीइतकं वाढलेलं, अंगभर काटे. पण फुललं की वास थेट बैठकीत यायचा. शब-ए-बरातला अम्मी त्याच्या पाकळ्या रुमालात बांधून द्यायची आणि मी त्या कब्रस्तानात नेऊन अब्बांच्या कबरीवर टाकायचो.

भिंतीबद्दल अम्मी एक शब्द बोलली नाही. त्या वर्षी मी फुलं विकत आणली. तिने रुमाल बांधला आणि म्हणाली, "मोल के फूल हैं. चलो, ठीक है." ते 'ठीक है' मला लागलं. या दोन फुटांत गुलाब उगवायचाच, असं मी त्या दिवशी ठरवलं.

ठरवणं सोपं होतं. सोयगाव अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी. जिल्हा मराठवाड्यातला, पण ऊन खानदेशातलं. जमीन काळी, कपाशीची. ती पावसात चिकट होते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्यात नळाला रोज पाणी नाही. अशा जागी मोठा गुलाब लावला तर तो एकतर भिंतीला घासणार किंवा जाता-येता कपडे फाडणार. म्हणून शोध सुरू झाला तो बुटक्या गुलाबाचा.

पहिल्याच खरेदीत फसलो. एका नर्सरीत 'बटन गुलाब' म्हणून घेतलेली रोपं वर्षभरात कमरेवर गेली. तेव्हापासून मी फोटो पाहत नाही, रोपाची फांदी पाहतो. दोन पानांमधलं अंतर कमी असेल, बुडातून एकच जाड दांडा न येता चार-पाच बारीक फांद्या आल्या असतील आणि वीतभर रोपालाच कळ्या लागलेल्या असतील, तर ते रोप बुटकं राहण्याची आशा धरावी. दुसरं, बूड बघावं. मोठ्या गुलाबाचा डोळा बहुधा जंगली गुलाबाच्या खुंटावर बांधलेला असतो. डोळ्याखालून फुटवा आला आणि तो काढला नाही, तर जंगली झाड वर येतं, आपला गुलाब मरतो. बटन गुलाब मात्र बरेचदा साध्या फांदीपासून, स्वतःच्या मुळावर वाढवलेला असतो. तो वरून जळाला तरी खालून तोच फुटतो. आमच्या उन्हात हा फार मोठा आधार आहे. आणखी एक गोष्ट नंतर कळली. फुललेल्या बटन गुलाबाच्या एका कुंडीत पुष्कळदा तीन-चार रोपं एकत्र लावलेली असतात. ती मुळं न दुखावता हळूच वेगळी केली की एकाच्या पैशात तीन झाडं होतात.

हा बटन गुलाब 'फॉरेनचा' आहे असं आपण समजतो. त्याचं मूळ चिनी गुलाबात आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस हे गुलाब युरोपात पोचले, त्यातले काही कलकत्त्याच्या वाटेने. म्हणून फ्रेंच लोक त्यांना 'बंगालचे गुलाब' म्हणत. त्यातली बुटकी जात पुढे मागे पडली. मग पहिल्या महायुद्धाच्या सुमारास स्वित्झर्लंडमधल्या एका डोंगरी गावात रुले नावाच्या लष्करी डॉक्टरांना घरांच्या खिडक्यांत, लहान कुंड्यांत असा गुलाब दिसला. त्यांनी ही गोष्ट कोरव्हॉन या बागतज्ज्ञांना सांगितली. रोप आणायला गेले तर ते गाव आगीत जळून गेलेलं! शेवटी शेजारच्या गावात एक झाड मिळालं आणि त्यातून आजच्या बटन गुलाबांचं बरंचसं खानदान वाढलं. ज्या घरांना अंगण नव्हतं, त्यांच्या खिडक्यांनी हा गुलाब टिकवला. ही गोष्ट वाचली तेव्हा मला आमच्या दोन फुटांची लाज वाटेनाशी झाली.

मी सात बटन गुलाब एकेक फुटावर लावले. उरलेल्या जागेत झुबक्यांनी फुलणारे, गुडघ्याइतके राहणारे चार पॉलिअँथा लावले, पावणेदोन फुटांवर एकेक. काही महिन्यांतच पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. खोदून पाहिलं तर गवंड्याने सिमेंट आणि गिलाव्याचा सगळा राडा तिथेच पुरलेला. चुनखडीच्या जमिनीत लोह असलं तरी गुलाबाला ते घेता येत नाही. दीड फूट माती उपसून टाकली. काळी माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि जाड वाळू सारख्या भागाने मिसळून भरली, वर मूठ मूठ निंबोळी पेंड. रोपं भिंतीपासून वीतभर लांब ठेवली, कारण तापलेली भिंत रात्रीसुद्धा भट्टीसारखी असते. नशिबाने भिंत पश्चिमेला आहे. सकाळचं ऊन मिळतं आणि दुपारनंतर तीच सावली देते. जिने झाड खाल्लं, तीच आता झाडं राखते.

तीन बटन गुलाब काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्यांत पायऱ्यांवर ठेवले होते. मे महिन्यात त्यातले दोन गेले. पाणी दोन वेळा देत होतो, पण कुंडीच तापून मुळं शिजली. आता उरलेली कुंडी मोठ्या मातीच्या कुंडीत बसवली आहे आणि मधल्या जागेत वाळू भरून ती ओली ठेवतो. कोरड्या उन्हाळ्यात पानांच्या मागे लाल कोळी येतो; सकाळी पानांच्या खालून पाण्याचा फवारा मारला की बराच आवरतो. पावसाळ्यात काळे ठिपके पडलेली पानं खाली पडू देत नाही, उचलून बाहेर टाकतो.

पहिलं फूल आलं तेव्हा अम्मीला हाताला धरून दाखवायला नेलं. तिने वाकून वास घेतला. "ये गुलाब है? इसमें तो बासच नहीं." खरंच होतं. बहुतेक बटन गुलाबांना वास नावापुरताच. मी काही बोललो नाही.

गल्लीतल्या एका खालाने खूप वर्षांपूर्वी अब्बांच्या झाडाची फांदी नेली होती, हे अम्मीलाच आठवलं. तिच्या दारात ते झाड उभं होतं. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वीतभर लांबीच्या पाच काड्या आणल्या, तीन जगल्या. दोन खालाच्या नातवंडांना दिल्या. एक रंगाच्या वीस लिटरच्या डब्यात, बुडाला भोकं पाडून, जिन्याखालच्या कोपऱ्यात लावली. दोन फुटांत ती मावणार नव्हती, पण तिच्याशिवाय ते दोन फूट अम्मीला पुरेही पडत नव्हते.

राहिला प्रश्न तारखेचा. पुस्तकात छाटणी ऑक्टोबरमध्ये सांगतात. पण चांद्र वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान. 2025 मध्ये शब-ए-बरात 13 फेब्रुवारीच्या रात्री होती, 2026 मध्ये फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच आली. आमच्या थंडीत छाटल्यापासून फुलायला साधारण सात आठवडे लागतात. म्हणून ऑक्टोबरात फक्त वाळलेलं काढलं आणि डिसेंबरच्या मध्यावर बटन गुलाबांची हलकी छाटणी केली, एक तृतीयांशच. त्यांना खोल छाटणी लागत नाही.

बुखारी शरीफमध्ये एक हदीस आहे: पैगंबर साहेबांनी खजुराची हिरवी फांदी चिरून दोन कबरींवर लावली, ती सुकेपर्यंत अजाब हलका व्हावा म्हणून. त्यावरून कबरीवर फुलं टाकावीत की नाही, यावर उलेमांत मतभेद आहेत. मी त्यात पडत नाही. अम्मीला एवढंच ठाऊक, की जे न्यायचं ते ताजं हवं आणि आपल्या हातचं हवं.

यंदा त्या दुपारी तिने स्वतः कात्री घेतली. बटन गुलाबांच्या पाकळ्या तोडल्या नाहीत. "इत्ते छोटे हैं, पूरेच जाने दो," म्हणाली. रुमाल अर्धा भरला. मग जिन्याखाली जाऊन डब्यातल्या झाडाची दोन फुलं आणली आणि ती मात्र पाकळी पाकळी करून वर पसरली. रुमाल बांधण्याआधी तिने तो नाकाशी नेला.

माझ्या हातात देताना 'ठीक है' म्हणाली नाही. म्हणाली, "अगले साल दस दिन पहले काटना. भूलना नक्को."