घोरपडीचें बाळसें

घोरपड म्हटली कीं मराठी माणसाच्या मनांत एकच गुण उभा राहतो, आणि तो म्हणजे चिकटपणा. पोवाड्यांतील यशवंती सिंहगडच्या कड्याला चिकटली आणि तिच्या दोरानें मावळे वर गेले. इतिहाससंशोधकांनीं या कथेवर कितीहि शंका घेतल्या, तरी १६७० सालच्या त्या रात्रींतून घोरपडीला बाहेर काढणें कोणालाहि साधलेलें नाहीं. उठतां न उठणाऱ्या पाहुण्याविषयीं बोलतांनाहि आपल्याला हाच प्राणी आठवतो. परंतु कड्याला चिकटण्याइतकी मोठी होण्यापूर्वीं ही घोरपड काय खाते, केवढी असते आणि कशानें वाढते, हा प्रश्न आपल्या वाङ्मयानें कधीं विचारल्याचें मला आठवत नाहीं. कॉलेजांत शेली आणि कीट्स शिकवणाऱ्या माझ्यासारख्या मनुष्यालाहि तो वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षापर्यंत पडला नव्हता.

तो पडला इंग्लंडांत. २०१८ सालच्या शरदऋतूंत मी लेस्टर शहरीं माझ्या भाच्याच्या घरीं तीन महिने राहिलों होतों. त्याच्या बारा वर्षांच्या मुलीनें वाढदिवसाला कुत्रा मागितला होता. आईबाप दोघेहि दिवसभर नोकरीवर, म्हणून कुत्र्याऐवजीं कमी त्रासाचा प्राणी आणावा असें ठरलें, आणि दुकानदारानें त्यांच्या हातीं घोरपडीचें एक पिलूं दिलें. "कमी त्रासाचा" या शब्दांवर मी पुढें पुष्कळ विचार केला आहे. मुलीनें बापाकडून तानाजीची गोष्ट ऐकलेली असल्यामुळें नांव यशवंती ठेवलें गेलें. वास्तविक या जातींत नर कोणता आणि मादी कोणती हें बाहेरून पाहून सांगणें फार कठीण. तेव्हां यशवंतीचे उद्यां यशवंतराव निघाले तरी कोणीं आश्चर्य मानूं नये.

ही घोरपड आपल्याकडची नव्हे. सहाराच्या दक्षिणेस जीं गवताळ रानें पसरलीं आहेत, तेथली ती रहिवासी. बॉस्क नांवाच्या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञानें १७९२ सालीं तिचें पहिलें शास्त्रीय वर्णन केलें, म्हणून इंग्लंडांत तिला अजूनहि "बॉस्क मॉनिटर" म्हणतात. अमेरिकेंत तीच "सॅव्हाना मॉनिटर" होते. घाना, टोगो आणि बेनिन या देशांतून हीं पिलें परदेशीं विक्रीला जातात. पिंजऱ्यांत त्यांची पैदास क्वचितच होते, त्यामुळें दुकानांतील बहुतेक पिलें रानांतून किंवा रानांत धरलेल्या माद्यांच्या अंड्यांतून आलेलीं असतात. आपल्याकडील घोरपडीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें पहिल्या अनुसूचींत स्थान दिलें आहे. तिला मारणें तर सोडाच, नुसती घरीं बाळगली तरी तीन ते सात वर्षें कारावास होऊं शकतो, आणि हें योग्यच आहे. ज्या प्राण्याचें कातडें कंजिऱ्याला गेलें, मांस आणि तेल औषधाच्या नांवाखालीं खपलें, आणि ज्याचें वाळविलेलें जननेंद्रिय "हत्थाजोडी" या नांवानें दैवी मुळी म्हणून भाविकांच्या तिजोरींत जाऊन बसलें, त्याला कायद्याखेरीज दुसरा वाली नाहीं. परंतु इंग्लंडांत बॉस्क पाळण्यास मनाई नाहीं, आणि ती समोर काचेच्या पेटींत बसलेली होती. ती तेथें असावी कीं नसावी, हा वाद तिच्या प्रकृतीच्या प्रश्नापुढें मागें पडला.

नातीनें एक वही ठेवली होती. मे महिन्यांत आणली तेव्हां नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत लांबी २२ सेंटिमीटर. ऑक्टोबरच्या मध्यावर २६. पांच महिन्यांत चार सेंटिमीटर! पूर्ण वाढलेला हा प्राणी तीन फुटांच्या आसपास भरतो, आणि त्यांतील मोठा पल्ला तो पहिल्या एकदोन वर्षांतच गांठतो. "आजोबा, ती खाते सगळं, पण वाढत नाहीं," ती मला म्हणाली. आपल्या बायकांना या रोगाचें नांव बरोबर ठाऊक आहे. अन्न अंगीं लागत नाहीं, असें त्या म्हणतात. भाचेसुनेनें थट्टेनें मीठमोहऱ्यांचीहि आठवण काढली. दुकानदाराला विचारलें, तेव्हां आठवड्याला एकाऐवजीं दोन उंदरांचीं पिलें घाला, असें उत्तर आलें. तींहि घातलीं. घोरपडीचें पोट वाढलें. लांबी वाढली नाहीं.

मला प्राणिशास्त्र येत नाहीं, परंतु पुस्तक वाचतां येतें. डॅनिअल बेनेट आणि रवी ठाकुरद्याल यांचें याच एका प्राण्यावरचें, २००३ सालीं निघालेलें पुस्तक मीं मिळवून वाचलें. बेनेटनें घानाच्या किनाऱ्यालगतच्या मैदानांत या पिलांचा माग काढला होता. सर्व पुस्तकाचा सूर असा, कीं या प्राण्याविषयीं दुकानांत जें सांगितलें जातें त्यांत रानांत दिसणारें थोडेंच असतें. रानांतलें पिलूं बिळांत राहतें आणि मुख्यतः रातकिड्यांसारखे कीटक खाऊन वाढतें. उंदीर त्याच्या ताटांत जवळजवळ येतच नाहींत.

परंतु आहाराच्या आधीं उष्णता आली पाहिजे. मराठींत आपण ऊन "खातों", आणि माझ्या मतें घोरपडीच्या पथ्याचें अर्धें शास्त्र या क्रियापदांत आहे. आपलें शरीर स्वतःची भट्टी स्वतः पेटवितें. सरड्या-घोरपडींना ती उसनी आणावी लागते. अंगांत पुरेशी उष्णता नसेल तर जठरांतले पाचक रस काम करीत नाहींत, आणि खाल्लेलें अन्न तसेंच पडून राहतें. अशा वेळीं जास्त खाऊं घालणें म्हणजे चूल न पेटवितां भांड्यांत तांदूळ वैरीत राहणें. धांवपळ करणाऱ्या घोरपडीच्या शरीराचें उष्णतामान ३५ ते ३८ अंश सेंटिग्रेडपर्यंत चढतें, म्हणजे जवळजवळ आपल्याइतकें. तेवढें चढावें म्हणून ज्या दगडावर ती ऊन खाते त्या दगडाचा पृष्ठभाग ५० अंशांच्याहि वर तापलेला असावा लागतो, आणि पेटीच्या दुसऱ्या टोकाला तिला परत निवतां यावें म्हणून २५ च्या आसपासचा गारवाहि हवा.

पेटीच्या काचेवर एक वाटोळें उष्णतामापक चिकटविलेलें होतें व त्याचा कांटा ३२ दाखवीत असे. घरांतल्या सर्वांचा त्या कांट्यावर विश्वास. पण तो कांटा हवेचें माप सांगत होता, आणि तेंहि काचेजवळच्या हवेचें. नातीच्या हट्टावरून भाच्यानें दुरून नेम धरून पृष्ठभागाचें माप घेणारें एक यंत्र आणलें. दिव्याखालचा दगड निघाला ३६ अंश, दूरचा कोपरा १९. वरचें झांकण जाळीचें असल्यानें उष्णता आणि ओल दोन्ही छताकडे निघून जात. रात्रीं गॅसचें बिल वांचविण्यासाठीं भाचा सबंध घराची उष्णता उतरवीत असे, तेव्हां तो कोपरा १५ वर जाई. आम्ही माणसें रजया घेऊन झोंपत होतों. आफ्रिकेंतलें तें पिलूं रात्रभर थंडीनें ताठत होतें आणि दुपारीं कुठें अर्धवट जागें होऊन पुढ्यांतला उंदीर गिळीत होतें.

दुसरी गोष्ट उजेडाची. पेटींत अतिनील किरणांची एक नळी होती; जुन्या मराठी पुस्तकांत त्यांना जंबुपार किरण म्हणत. या किरणांखेरीज कातडींत ड जीवनसत्त्व तयार होत नाहीं, आणि ड जीवनसत्त्वाखेरीज आहारांतला चुना हाडांत जात नाहीं. नळी झगझगीत जळत होती, परंतु ती जुनी होती, आणि तिच्या व घोरपडीच्या मध्यें काच होती. साधी काच हे उपयुक्त किरण अडविते. म्हणून रविवारीं पेटी खिडकींतल्या उन्हांत सरकविण्याचा प्रेमळ प्रघातहि या बाबतींत निष्फळच होता. शिवाय अशा नळ्यांतले ते किरण सहा महिने ते वर्षभरांत क्षीण होतात आणि दिसणारा उजेड मात्र तसाच राहतो. दिवा जळतो आहे म्हणून तो काम करतो आहे, असें मानण्याची चूक दिव्यांविषयींच होते असें नव्हे. कांहीं ज्येष्ठ प्राध्यापकांविषयींहि ती होत असते.

नोव्हेंबरच्या आरंभीं पशुवैद्याकडे गेलों. क्ष-किरणांच्या चित्रांत हाडांच्या कडा पुसट दिसल्या, आणि डावा पुढचा पाय कोपरापाशीं किंचित् वांकलेला. विष्ठेंत जंत निघाले. त्यांचें औषध मिळालें. वैद्यबाई शांतपणें म्हणाल्या, कीं हा प्राणी वांचूं शकेल, परंतु ही पेटी टाकून द्यावी लागेल, मोठी करावी लागेल, आणि पुढें तो तीन फुटांचा झाला म्हणजे त्याला एखाद्या लहान खोलीएवढी जागा लागेल. तें होणें नसेल, तर अशा प्राण्यांना आसरा देणाऱ्यांकडे आतांच द्यावा.

त्या रात्रीं जेवतांना घरांत कोणी फारसें बोललें नाहीं. भाच्यानें कागदावर हिशेब केला. "मामा, हिच्या दिव्यांचं बिल आपल्या सगळ्यांच्या दिव्यांपेक्षां जास्त येईल," तो म्हणाला, आणि त्यांत अतिशयोक्ति नव्हती. तो कंजूष मनुष्य नव्हे. घराचें कर्ज फेडणारा मनुष्य आहे. मुलगी रडली नाहीं, हट्टहि धरला नाहीं. तिनें वही आणून बापासमोर ठेवली आणि ती वर निघून गेली. त्या वहींत एकहि आठवडा चुकलेला नव्हता. प्रत्येक मापाखालीं आदल्या मापाची वजाबाकी केलेली होती, आणि शून्य आलें तेथें शून्य लिहिलेलें होतें. भाचा बराच वेळ पानें उलटीत बसला. मग त्यानें मला विचारलें, "पेटीला प्लायवुड चालेल कीं नाहीं?"

तीन रविवार लागले. सहा फूट लांबीची लांकडी पेटी, आंतून ओल न शिरेल असा लेप, जाळीऐवजीं बंद छत. एका प्रखर दिव्याऐवजीं कमी शक्तीचे तीन दिवे शेजारीं शेजारीं लावले. कारण एकच प्रखर दिवा पाठीवर एक ठिपका भाजतो आणि बाकीचें अंग थंड राहतें. दगड ५४ अंशांवर गेला. नवी नळी काचेविना, ठरीव अंतरावर बसविली. तळाशीं दीड फूट माती व वाळू, मूठ वळली तर आकार धरील इतकी ओली. पूर्वीं तेथें कोरडी वाळू होती, कारण गवताळ रान म्हणजे रखरखीत जागा अशी सर्वांची समजूत. पण बिळांतली हवा दमट असते, आणि सतत कोरड्या उष्ण हवेंत ठेवलेल्या घोरपडीचें पाणी श्वासावाटें उडत जाऊन शेवटीं मूत्रपिंडें बिघडतात. उंदीर बंद झाले. त्यांच्यावर पोसलेल्या बॉस्क गुटगुटीत दिसतात खऱ्या, पण ती चरबी असते, आणि त्यांतल्या पुष्कळ फार लवकर मरतात. त्यांच्या जागीं रातकिडे, टोळ आणि झुरळें आलीं. कीटकांत चुना थोडा आणि स्फुरद कितीतरी जास्त असतो, म्हणून त्यांच्यावर चुन्याची भुकटी भुरभुरावी लागते. पिठांत घोळून भजीं तळावीं तसें नात तें काम करी. ज्यांना मारण्यासाठीं मराठी संसारांत पिढ्यान् पिढ्या चप्पल उचलली गेली, तीं झुरळें भाचेसून पैसे मोजून विकत आणीत होती, हें मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे.

नव्या पेटींत सोडल्याबरोबर यशवंतीनें मातींत तोंड खुपसलें आणि ती नाहींशी झाली. दोन दिवस पत्ता नाहीं. नातीला उकरून पाहावेंसें वाटे. मीं तिला हात लावूं दिला नाहीं. भ्यालेली घोरपड दिव्याखालीं येत नाहीं आणि दिव्याखालीं न आलेली वाढत नाहीं. पूर्वीं तिला मैत्रिणींच्या हातांतून दररोज फिरविलें जाई, तेंहि आतां बंद झालें होतें. तिसऱ्या दिवशीं दुपारीं मातीनें माखलेलें एक डोकें बिळाबाहेर आलें, जीभ दोनदां लवलवली, आणि सबंध अंग दगडावर पसरून ती इतकी सपाट झाली कीं एखादें पापड वाळत घातलेलें दिसावें. अर्ध्या तासानें तिनें टोळाचा जो पाठलाग केला, तसें धांवतांना तिला त्या घरांत कोणीं पाहिलेलें नव्हतें.

जानेवारींत मी परत निघालों तेव्हां माप ३१ सेंटिमीटर होतें. पुढील जूनमध्यें नातीचें पत्र आलें, त्यांत ५४. कात आतां तुकड्यातुकड्यांनीं पण वेळेवर जाते, क्ष-किरणांच्या नव्या चित्रांत हाडें घट्ट दिसतात. डावा पाय वांकला तो वांकलाच. बीळ उकरतांना ती नेहमी उजव्या पायानें सुरुवात करते, असें नातीनें वहींत निराळें नोंदवून ठेवलें आहे. पत्राच्या तळाशीं भाच्यानें स्वतःच्या अक्षरांत विजेच्या बिलाचा आंकडा तेवढा लिहिला होता, आणि त्यापुढें, माळ्यावरची खोली रिकामी करतों आहे, एवढेंच.