सर्व्हे नंबर ४४

आमचे अण्णा मोजणी खात्यातून निवृत्त झाले. सबंध नोकरीत त्यांनी अर्जदारांना एकच उत्तर दिले : "बघू." त्यामुळे त्या सकाळी वहिनींनी "चहा टाकू?" विचारल्यावर ते "बघू" म्हणाले, तेव्हा कुणालाच काही वावगे वाटले नाही. "पाणी काढू आंघोळीला?" "बघू." दोन तासांनी उजव्या हातातली कपबशी निसटली, तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. ते दोन तास वहिनी अजून मोजतात.

डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली आणि डाव्या कपाळामागे बोट टेकवले. "ब्रोकाचा भाग." म्हटलं, हा कोण नवा हिस्सेदार? म्हणून वाचायला बसलो.

हे ब्रोका पॅरिसचे सर्जन. त्यांच्याकडे १८६१ साली लबोर्न नावाचा एक रोगी आला. त्याला बोललेले बरेचसे कळे, पण काहीही विचारा, उत्तर "तां, तां!" तो वारल्यावर मेंदू पाहिला, तर बिघाड नेमका डाव्या बाजूला पुढे. मग १९०९ साली ब्रोडमन नावाच्या जर्मन डॉक्टराने सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची रचना पाहून मेंदूच्या सालीचे तुकडे पाडले आणि त्यांना चक्क नंबर दिले, ५२ पर्यंत. मधले काही नंबर माणसाच्या मेंदूत सापडतच नाहीत. मोजणी खाते सगळीकडे सारखेच! ब्रोकाची जमीन म्हणजे नंबर ४४ आणि ४५. पुढे माँट्रियलच्या पेनफिल्डने जागेपणीच रोग्यांच्या मेंदूला विजेची टोचणी लावून पाहिले. (मेंदूला स्वतःला दुखत नाही. दुखते ते घरच्यांना.) त्या नकाशात ओठांना आणि हाताला एकरभर रान, अन् एवढ्या थोरल्या पाठीला जेमतेम गुंठा.

"अण्णा, २०१६ साली अमेरिकेत फेरमोजणी झाली. एकेका बाजूला १८० तुकडे निघाले! आणि हद्दीसुद्धा माणसागणिक थोड्या सरकतात म्हणे."

अण्णांच्या डोळ्यांत जुनी चमक आली. "बघू," ते म्हणाले.

एक गोष्ट मात्र मी वहिनींना मुद्दाम सांगितली होती. तो लबोर्न संतापला, की अख्खी शिवी हासडायचा. शिव्या, आकडे, आरत्या असले जिभेवर बसलेले ऐवज पुष्कळदा शाबूत राहतात. वहिनी म्हणाल्या, "ह्यांना मेलं शिव्या देणंच ठाऊक नाही."

परवा आम्ही कॅरम खेळत होतो. अण्णा डाव्या हाताने. त्यांची नजर चुकवून मी राणी बोटाने हळूच सरकवली.

"गाढवा!"

अगदी स्वच्छ. वहिनी कणकेच्या हातांनी धावत बाहेर आल्या. क्षणभर आम्हा दोघांकडे बघत राहिल्या आणि मला म्हणाल्या, "भावजी, पुन्हा सरकवा."